सही माझी, शेड मामांची

४ मार्च १९९६, अष्टमी गाव

रंगाच्या कंपनीची ही डायरी मामांनी दिली. म्हणाले, माल आला-गेला यात टिपत जा. माल अजून आलेला नाय, म्हणून दुसरंच लिहितोय. शाळा सहावीपर्यंतच झाली, पण अक्षर बरं हाय.

आज रोह्याच्या बँकेत सह्या केल्या. शेवटी शेवटी तर माझंच नाव मला दुसऱ्या कुणाचं वाटायला लागलं. कान्हू म्हणजे मीच ना, असं.

मामा म्हणजे पुंडलिकशेठ, आयचे गावभाऊ. पेणला रामवाडीत त्यांची गणपतीच्या मूर्तींची घाऊक वखार. जोह्याच्या कारखान्यांतून मूर्ती उचलायच्या आणि मुंबई-पुण्याच्या दुकानदारांना गाडीच्या गाडी द्यायच्या, हा धंदा. आता रोह्याच्या बाजूला, नदीच्या ह्या अंगाला अष्टमीत, दुसरी वखार काढतायत. शेड आणि लोखंडी मांडण्या यांच्यासाठी बँकेनं सात वर्षांचं कर्ज दिलं. दिलं ते मला. मामा म्हणाले, "माझ्या नावावर बँकेचं आधीच पुष्कळ झालंय. तू नवा, तू बेकार, तुला बँक पटकन देते. सही तुझी, बाकी सगळी काळजी माझी." तारण म्हणून आयनं जोह्याच्या घराचा कागद दिला आणि अंगठा उठवला.

मी विचारलं, "मग मामा, वखार कुणाची?"

मामा हसले आणि चहा सांगितला. चहा झाला, पान झालं, उत्तर काय मिळालं ते आता आठवत नाय.

१३ मार्च

मांडण्या आल्या. रंग कोरा, निळा. एका मांडणीचा पाय वाकडा निघाला. मी वाकून बघितलं तर ओळखीचा. दोन वर्षांमागं रामवाडीत हमाली करायचो तेव्हा माझीच हातगाडी त्याला धडकली होती. शिव्या खाल्लेल्या, म्हणून लक्षात.

मामांना म्हटलं, "ह्या तर आपल्याच जुन्या."

"लोखंड ते लोखंड. रंग नवा नाय का?"

रंग नवा होता, हे खरं. बिलावर नव्या मांडण्या लिहिलंय, कारण बँकेला जुन्याचं बिल चालत नाय म्हणे. मामा काटकसरी म्हणून एवढे वर गेले. मी नसतो गेलो. मिठागर सोडलं, धाटावच्या कंपनीतली शिफ्ट सोडली, ट्रकवरची क्लीनरकी सोडली. कुठंच ढुंगण टेकत नाय असं आय म्हणते.

२ एप्रिल

शेडवर पाटी लागली. खाली बारीक अक्षरात 'मालक' आणि माझं नाव. शेजारी इंदुबाईची चहाची टपरी हाय. तिनं पाटी वाचली, कमरेवर हात ठेवले आणि मोठ्यानं म्हणाली, "या मालक. कालच्या चार चहाचं काय करायचं?"

"पगार झाला की देतो."

"मालकाला पगार कोण देतो रे?"

"मामा."

तिला इतकं हसू आलं की गिऱ्हाईकाच्या बशीत दूध सांडलं. मला पण हसू आलं, पण कशाचं ते नाय कळलं.

१९ मे

दीड महिना काही लिहिलं नाय. लिहिण्यासारखं घडलंच नाय. रिकाम्या शेडमध्ये झोपतो, पत्रा तापतो. पुलावर जाऊन उभा राहतो. मुंबईकडं जाणाऱ्या गाड्या बघतो. दोनदा पिशवी भरली. मग वाटलं, सही केलेला माणूस निघून गेला तर चालतं का? कुणाला विचारायचं तेही कळत नाय. मामांना विचारलं तर त्यांना वाटायचं मी पळतोय.

२० जून

धोंड्याचा महिना लागला. इंदुबाईची मुलगी-जावई जेवायला आले, टपरी बंद होती. ती म्हणाली, "यंदा गणपती उशिरा. पार सप्टेंबरच्या मध्यावर."

मला एकदम आठवलं. बँकेचा हप्ता वर्षातून एकदाच हाय आणि साहेबांनी तारीख घालताना विचारलं होतं, "गणपती झाले की पैसे येतात ना तुमचे?" मामा म्हणाले होते, व्हय. साहेबांनी भिंतीवरचं गेल्या सालचं कॅलेंडर बघितलं. गेल्या साली गणपती ऑगस्टअखेर होते. त्यांनी दहा सप्टेंबर लिहिली. म्हणजे यंदा हप्ता आधी आणि गणपती मागनं.

तिथं आम्ही तिघं होतो. तिघंही पेण-रोह्याचे, तिघांचंही पोट गणपतीवर चालणारं, आणि धोंडा कुणाला आठवला नाय.

मामांना फोन केला. त्यांनी तारखा पुन्हा विचारून घेतल्या. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." आवाज खूश वाटला. ह्यात खूश होण्यासारखं काय, ते बघायला पाहिजे.

२८ जुलै

मूर्ती आल्या. तीन ट्रक, पेंढ्यात बसवलेल्या. शेड भरली. रात्री दार उघडून आत गेलं की सगळे माझ्याकडंच बघतायत असं वाटतं. सोबत झाली.

मामांनी बजावलं, "आपण ठोकवाले. किरकोळ गिऱ्हाईक घ्यायचं नाय. पाट तर बिलकूल घ्यायचा नाय."

जोह्याला एक दिवस जाऊन आलो. आय कारखान्यात मूर्ती घासत होती, पांढरी झाली होती केसांपासून पायापर्यंत. म्हणाली, "पुंडलिक माल देतो ना तुला? मग पैसं पण तुझ्याकडं येतील?"

"मामाकडं येतील."

"आणि बँकेला कोण देईल?"

"मामा."

तिनं हातातला घासायचा कागद झटकला. "मग तू तिथं कनाला हायस?"

मी म्हटलं, "सहीला." ती पुन्हा घासायला लागली.

१९ ऑगस्ट, नागपंचमी

इंदुबाई पाट घेऊन आली. वर तांदूळ, विडा, सुपारी. पाटाखाली खडूनं घराण्याचं नाव. म्हणाली, "जोह्याचा माणूस दाराशी असताना मी बाजारात जाऊ? तो तिसऱ्या फळीवरचा, मांडी घातलेला, तो माझा."

मी म्हटलं, "वहिनी, आम्ही पाट नाय घेत. ठोकवाले."

"मग हे तांदूळ परत घरी नेऊ? सणाच्या दिवशी?"

आता ह्याला काय म्हणायचं? घेतला. मूर्ती उचलून तिच्या पाटावर बसवली. आमच्याकडं पाट घेतला म्हणजे तोंडानं काही बोलायचं उरतच नाय. पाटावर बसला तो त्या घरचा झाला. मग तो कुणी हलवत नाय, विकत नाय, दुसऱ्याला दाखवत पण नाय.

संध्याकाळपर्यंत अजून आठ-दहा पाट आले. तिनंच सांगितलं असणार. मामांना कळवलं नाय. कळवावं का नाय, ह्यावर दोन दिवस विचार करणार हाय.

२७ ऑगस्ट

बँकेचे साहेब बघायला आले. शेड बघितली, मांडणीवर बोटाच्या पेरानं ठोकलं, वाकड्या पायाकडं जरा वेळ बघत राहिले.

"हे पाटावरचे कुणाचे?"

"ते गेले साहेब. लोकांचे झाले."

"म्हणजे त्यांचे पैसे तुझ्याकडं येणार."

"मामांकडं."

साहेबांनी टोपी काढली, डोकं पुसलं. "हे बघ कान्हू. हे मामा कोण? आमच्या कागदावर मामा नाहीत. शेड तुझी, मांडण्या तुझ्या, मूर्तींचं बिल तुझ्या नावावर फाडलेलं. आणि हप्ता चुकला तर आम्ही येणार ते तुझ्याकडं, आणि तुझ्यानंतर तुझ्या आईच्या घराकडं. सात वर्षं. समजतंय?"

मी व्हय म्हटलं. ते गेल्यावर समजायला लागलं, आणि मग पुन्हा समजेना. शेड माझी असेल तर मामा मला पगार कसा देतात? आणि मामांची असेल तर आयचं घर त्यात कुठून आलं? दोन्ही एकदम खरं कसं असेल? इंदुबाईला विचारलं. ती म्हणाली, "खरं एकच असतं. दुसरं तुला सांगितलेलं असतं." हिचं बोलणं पण असंच.

१ सप्टेंबर

मामा आले, पेढे घेऊन. पुण्याचा एक व्यापारी सगळा माल एकदम उचलतोय. बुधवारी ट्रक येणार. "किरकोळीची कटकट नाय, गणपतीची वाट बघणं नाय. धोंड्यानं पंचाईत केली होती, ती मिटली."

"मग हप्ता दहा तारखेला भरणार?"

"बघू आपण ते."

"आणि शेड?"

"शेडला कुलूप. अष्टमी आपल्याला मानवत नाय. तू रामवाडीला ये, पगार वाढवतो."

मला आनंद व्हायला पाहिजे होता. रामवाडीहून जोहे जवळ. पण 'बघू आपण' म्हणताना मामा पेढ्याच्या पुड्याची दोरी गुंडाळत होते, माझ्याकडं बघत नव्हते. कदाचित दोरीच बघत असतील. माणूस दोरी गुंडाळताना दोरीकडंच बघतो.

मग त्यांची नजर पाटांवर गेली. माझी चांगली खरडपट्टी काढली. शेवटी म्हणाले, "हे दहा-बारा राहू देत. कोपऱ्यात ठेव. बाकीचे सगळे गेले पाहिजेत."

२ सप्टेंबर

टपरीवर बसून इंदुबाईला सगळं सांगितलं. ट्रक, कुलूप, पगार, दोरी. ती ऐकत ऐकत कप विसळत राहिली. एकच कप.

"तुझ्या आयनं घर बांधलं का घेतलं?"

"बांधलं. दगड डोक्यावर आणलेले तिनं. हे कुठून मध्येच?"

"काय नाय." मग म्हणाली, "ट्रकवाल्यांना पाटावरचे उचलता येत नाय ना?"

"नाय. कोण उचलेल? पण ते दहा-बाराच हायत. मामा म्हणाले ठेव."

तिनं कप पालथा घातला, स्टो विझवला आणि भर दुपारी, गिऱ्हाईक बसलेलं असताना, चपला घालून निघून गेली. गिऱ्हाईकाला मीच चहा ओतून दिला. कधी कधी ह्या बाईला काय होतं ते कळत नाय.

३ सप्टेंबर

आज काय झालं ते नीट लिहितो, नायतर उद्या मलाच पटणार नाय.

सकाळी सातला दारात पाच बाया, पाच पाट. म्हटलं, वहिनीच्या नात्यातल्या असतील. आठला रांग. अष्टमीतल्या, रोह्यातल्या, नदीकाठच्या वाडीतल्या. दरवर्षी ऐन वेळी बाजारातून मूर्ती घेणारी माणसं, ती आज पाट घेऊन. कुणाचा सागाचा, कुणाचा साधा फळीचा, एकीनं तर पोळपाटच आणला, म्हणाली पाट मोडलाय, हा चालेल का. मी म्हटलं, "अहो, उद्या माल जाणार हाय."

"म्हणून तर आज आलो."

म्हणजे मूर्ती संपतील म्हणून लोकांची घाई. बातमी कशी फुटली कोण जाणे. मी नाय म्हणायला तोंड उघडायचो, आणि समोर तांदूळ आणि विडा. शिवाय दर पाटामागं इंदुबाई उभी, हात बांधून. एक म्हातारा म्हणाला, "निम्मे पैसे आत्ता घे बाळा, तुला बँकेचं भरायचंय म्हणे." त्याला कुणी सांगितलं? मला लाज वाटली, पण घेतले. मग सगळेच द्यायला लागले.

संध्याकाळी आत बघितलं. जवळजवळ सगळे पाटावर. मामांना फोन करायला पुलापर्यंत गेलो. फोनवाल्याच्या दुकानात उभा राहिलो. परत आलो.

४ सप्टेंबर

ट्रक आला. पेणचे हमाल, जनू मुकादम. मला ओळखतो, पूर्वी त्याच्या हाताखाली होतो. आत शिरला आणि दारातच थांबला. चप्पल बाहेर काढून आला.

"हे काय कान्या? घाऊक वखार का गाव?"

मागनं मामा. बघितलं आणि तोंड काळंठिक्कर पडलं. "हे कुणी केलं?"

मी म्हटलं, "लोक आले."

"लोक आले! लोक उद्या तुझ्या मांडीवर बसायला येतील. जनू, भर. पाट बाजूला काढा, मूर्ती भरा."

जनू हलला नाय. "शेठ, पाटावर बसलाय."

"पैसे घेतोस ना?"

"घेतो. माल उचलायचे घेतो. हा माल नाय राहिला." त्यानं पोरांकडं बघितलं. पोरं भिंतीला टेकून उभी होती, हात मागं. एक म्हणाला, "शेठ, माझ्या आयचा पाट पण असाच ठेवलाय जोह्याला. तो कुणी काढला तर?"

मग मामा स्वतः पुढं झाले. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि पहिल्याच मूर्तीला दोन्ही हात घातले. मला वाटलं, आता उचलतात. मी पुढं व्हायला पाहिजे होतं का? कुणाच्या बाजूनं? मी तिथंच उभा राहिलो. दारातून इंदुबाई म्हणाली, "उचला शेठ. फक्त पाटाखालचं नाव वाचून उचला. नंतर कुणाकडं जायचं ते तुम्हाला म्हायती पाहिजे."

मामांचे हात मूर्तीच्या कुशीत होते. बराच वेळ होते. ते पण जोह्याचेच. लहानपणी त्यांनी पण घराचा पाट डोक्यावरून नेला असणार. हात काढले, मूर्तीला लागलेली धूळ धोतरानं पुसली, नमस्कार केला आणि मागं न बघता बाहेर गेले.

पाटाशिवायच्या मोठ्या मूर्ती तेवढ्या ट्रकमध्ये चढल्या. ट्रक अर्धा पण भरला नाय. जाताना मामा काचेतून म्हणाले, "तुला वाटतं तू जिंकलास?"

मी खरं तेच सांगितलं, "मला काय वाटतं तेच कळत नाय मामा."

त्यांना तो टोमणा वाटला बहुतेक.

१० सप्टेंबर

बँकेत गेलो. लोकांनी दिलेले निम्मे पैसे फडक्यात बांधून. हप्त्याला कमी पडत होते. साहेबांना धोंड्याचं सांगितलं. त्यांनी कॅलेंडर बघितलं, यंदाचं, आणि कपाळावर हात मारला. "अरे, मी पण घरी गणपती बसवतो की!" उरलेले महिनाअखेर भरायला सवलत दिली. पावतीवर 'कर्जदार' म्हणून माझं नाव.

"शेठ नाही आले?" असं त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "ते तुमच्या कागदावर नायत ना."

साहेब हसले. मी काय विनोद केला?

१६ सप्टेंबर, चतुर्थी

पहाटेपासून दुपारपर्यंत सगळे गेले. वाजत, गाजत, डोक्यावरून, सायकलवरून, एक रिक्षातून मांडीवर. शेड रिकामी झाली. पेंढा उरला आणि पोळपाटवालीच्या तांदळाचे चार दाणे. इंदुबाईनं मोदक दिले. म्हणाली, "खा मालक." ह्या वेळी हसली नाय.

२५ सप्टेंबर, जोहे

मूर्ती नेताना लोकांनी बाकीचे निम्मे दिले, त्यातनं हप्त्याचे उरलेले भरले. मामांच्या मालाचे पैसे घेऊन रामवाडीला गेलो. वाटलं होतं, मारतील. मामा गादीवर होते. बाजूला सरकले.

"या शेठ. बसा."

मला 'अहो' कधी म्हणाले नव्हते. उभाच राहिलो. ते म्हणाले, "बसा की. गिऱ्हाईक उभं राहत नाय माझ्याकडं." पैसे मोजून घेतले, बिलावर पोच लिहिली. मग म्हणाले, "पुढच्या साली माल हवा असेल तर रोख. उधारी नातेवाइकांना देत होतो."

म्हणजे मी आता नातेवाईक नाय? का व्यापारी झालो? दोन्ही एकाच वाक्यात होतं. धीर करून विचारलं, "मामा, तुम्ही हप्ता भरणार होतात का?"

त्यांनी खूप वेळ पेनाचं टोपण लावलं-काढलं. "पहिला भरला असता," म्हणाले. मग गिऱ्हाईक आलं.

पहिला भरला असता. एसटीत बसून त्याचाच विचार करत आलो. हे चांगलं बोलले का वाईट?

घरी आय ओट्यावर बसली होती. सगळं सांगितलं. वखार आपली झाली, पण कर्ज पण आपलं. माल कुठून आणायचा ठरलेलं नाय. अष्टमी सोडता येणार नाय. पगार बंद.

"किती वर्सं राहिली?"

"सहा."

"सहा वर्सांनी तू किती वर्साचा होशील?"

"एकोणतीस."

तिनं ओट्याच्या दगडावरून हात फिरवला, जसा मूर्तीवरून फिरवते तसा, कुठं खडबडीत राहिलंय का बघत. म्हणाली, "मग लगीन त्याच्या आधी करायचं का नंतर, ते तुझ्या बँकेला विचार. पोरगी पण तिथं राहायला येईल ना? सहा वर्सं एका जागी राहिलेला तू मी अजून बघितला नाय."

मी म्हटलं, सोमवारी विचारतो. ती तोंडाला पदर लावून घरात गेली. हसत होती का रडत होती, ते मागनं कळलं नाय. सोमवारी साहेबांना विचारायचं तर नाय बहुतेक. पण बँकेत जायचंच हाय, पुढच्या सालच्या मालासाठी काय देतात ते बघायला. सही कुठं करायची ते आता म्हायती हाय. करायच्या आधी काय विचारायचं, ते आयकडून लिहून घेणार हाय. म्हणजे ती सांगेल आणि मी लिहीन.